दूरच्या सर्व्हरवर चित्रं हवीत की अक्षरं?

संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या हातात भाकरीचं पीठ असेल, कुणी धार काढायला निघाली असेल. काम चालू द्या, फक्त कान इकडे ठेवा.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आमच्या काय कामाचं? पण ज्या गटांनी पापड, मसाले, चटण्या ऑनलाइन विकायला सुरुवात केली आहे, त्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडणारच. प्रश्न असा, की आपला हिशेब ज्या दूरच्या कॉम्प्युटरवर राहतो, तो चालवताना चित्रांचा डेस्कटॉप वापरायचा, की काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करायची? आम्ही दोन्ही करून बघितलं. त्यात एक दिवाळी गेली. म्हणून सांगायला बसलो आहोत.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. आम्ही सोलापूरकडच्या. आमचे गट शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतात. पूर्वी मागणी फोनवर यायची, वहीत लिहायची. मग मागणी वाढली, चुका वाढल्या. एकीनं लिहिलेलं दुसरीला कळेना. तेव्हा संघानं एक छोटी वेबसाइट केली. गिऱ्हाईक तिथं मागणी नोंदवतं, कोणत्या गटानं किती किलो द्यायची ते तिथंच ठरतं, साठा तिथंच दिसतो. ही वेबसाइट आणि तिची माहिती ठेवायला चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर लागतो. तो आपल्या घरी ठेवून भागत नाही, कारण आपल्याकडची वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून तो भाड्यानं घेतात. शहरातल्या मोठ्या इमारतीत असे हजारो कॉम्प्युटर असतात आणि एका मोठ्या कॉम्प्युटरचे भाग पाडून अनेकांना भाड्यानं देतात. मोठ्या गोदामातला एक खण आपण भाड्यानं घ्यावा, तसं. फरक इतकाच, की या खणात आपण पायानं कधीच जात नाही. सगळं काम इथून, इंटरनेटवरून करायचं.

आमच्या खणाची मेमरी होती १ जीबी. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. कोठारात धान्य कितीही असो, एका वेळी ओट्यावर मावेल तेवढंच काम होतं. हा ओटा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सुरुवातीला हा सर्व्हर आमच्यातल्या एका ताईंचा भाऊ सांभाळायचा. तो पुण्याला नोकरीला. चांगला मुलगा, पैसे घेत नव्हता. पण त्याला रात्रपाळी लागली की फोन लागायचा नाही. वेबसाइट बंद पडली की आम्ही नुसत्या हातावर हात ठेवून बसायचो. मासिक बैठकीत अध्यक्षा मावशी बोलल्या, "बँकेत खातं आपलं, चटणी आपली, आणि किल्ली मात्र भावाकडं. हे कसलं स्वावलंबन?" सगळ्यांना पटलं. ठरलं, की संघाच्या लेखापाल ताई आणि आम्ही समन्वयक मिळून सर्व्हर चालवायला शिकायचं.

भावानं पहिल्यांदा काळा पडदा दाखवला तेव्हा खरं सांगतो, छातीत धडधडलं. ना चित्र, ना बटण. काळ्या पाटीवर एक पांढरी रेघ लुकलुकते आणि तुम्ही काहीतरी लिहाल याची वाट बघत बसते. काय लिहायचं हे ती सांगत नाही. लेखापाल ताई म्हणाल्या, "ही बाई आपल्याशी बोलतच नाही."

मग तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं सल्ला दिला, की त्या सर्व्हरवर डेस्कटॉप टाकून घ्या. म्हणजे आपल्या लॅपटॉपवर दिसतात तसे फोल्डर, तसा माऊस, तशाच खिडक्या. आम्ही टाकून घेतला, आणि आनंद झाला. सर्व्हर मुंबईत, पण त्याचा पडदा आमच्या लॅपटॉपवर दिसायचा. फोल्डर उघडा, फाइल बघा, बंद करा. दोन महिने छान गेले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात डेस्कटॉपचं हे श्रेय बुडू नये. आमची भीती मोडली ती त्या चित्रांनी. मशीनच्या आत काय काय असतं, माहिती कुठं राहते, हे आम्हाला तिथं पहिल्यांदा डोळ्यानं दिसलं.

मग दिवाळी आली. धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा. मागण्या नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. बायका रात्री उशिरापर्यंत शेंगा भाजत होत्या. आम्ही सर्व्हरच्या डेस्कटॉपवर गेलो, तिथंच ब्राउजर उघडला, वेबसाइट नीट दिसते का बघितलं आणि लॅपटॉप मिटून घरी गेलो. आम्हाला वाटलं, लॅपटॉप मिटला म्हणजे काम मिटलं. तसं नसतं. आपल्याकडची खिडकी बंद केली तरी तिकडं सर्व्हरवर डेस्कटॉप चालूच राहतो, ब्राउजरही उघडाच राहतो. आपण घरी आलो, पण ओट्यावरची भांडी तशीच.

एका बाजूला मागण्यांची गर्दी, दुसऱ्या बाजूला ही भांडी. रात्री ओटा भरला. लिनक्स नावाची जी प्रणाली या सर्व्हरवर चालते, तिचा एक नियम आहे. मेमरी पूर्ण संपली आणि सगळंच कोसळायची वेळ आली, की ती स्वतःच एखादं काम मारून टाकते. बहुधा ज्यानं जास्त जागा अडवली आहे त्यालाच. आमच्याकडं सगळ्यात जास्त जागा होती डेटाबेसची, म्हणजे मागण्यांच्या वहीची. प्रणालीनं नेमकी वहीच बंद केली. रात्री नऊ वाजल्यापासून सकाळपर्यंत एकही मागणी नोंदली गेली नाही. एका दुकानदाराला भेटीच्या डब्यांची मोठी मागणी द्यायची होती. त्यानं दोनदा प्रयत्न केला आणि दुसरीकडं गेला. त्या भरवशावर एका गटानं शेंगा आधीच आणून ठेवल्या होत्या, उधारीवर.

दिवाळीनंतरची बैठक आम्ही विसरणार नाही. त्या गटातल्या एक मावशी उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही शिका, आमची ना नाही. पण तुमच्या शिकण्याचे पैसे आमच्या शेंगांतून का जावेत?" लेखापाल ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या राजीनामा द्यायला निघाल्या होत्या. संघानं तो घेतला नाही. उधारीचा भार संघाच्या निधीतून उचलला आणि आम्हाला सांगितलं, की पुढच्या बैठकीत नीट कारण शोधून आणा, आणि सगळ्यांना कळेल असं सांगा. आजचं भाषण म्हणजे त्या बैठकीत सांगितलेलंच आहे, थोडं वाढवून.

पहिलं कारण ओट्याचं. हलक्यातला हलका डेस्कटॉप म्हटला तरी तो काही शे एमबी मेमरी खातो. त्यात ब्राउजर उघडला की आणखी तेवढी. मोठ्या मशीनवर हे कळतही नाही. पण १ जीबीच्या ओट्यावर परातीच मावत नाहीत तिथं शोभेच्या फुलदाण्या कशाला? डेस्कटॉप आपण रोज दहा मिनिटं बघणार, जागा मात्र तो चोवीस तास अडवणार.

दुसरं कारण रेंजचं. डेस्कटॉप वापरताना तिकडच्या पडद्याचं चित्र सारखं इकडं यावं लागतं. माऊस हलला की चित्र बदललं, चित्र बदललं की ते पुन्हा पाठवा. आमच्याकडं पावसाळ्यात रेंज एकच काडी. माऊस इथं हलवला की तिथं पाच सेकंदांनी हलायचा. त्या घाईत एकदा भलत्याच बटणावर टिचकी पडली. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं ये-जा करतात. एक ओळ म्हणजे चिठ्ठीएवढा मजकूर. कमी रेंजवरही ती पोचते. आणि मध्येच रेंज गेली तर तिकडं चालू असलेलं लांबचं काम तुटू नये म्हणून टीमक्स नावाची एक सोय असते. तिच्यात काम सुरू केलं की रेंज परत आल्यावर आपण जिथं होतो तिथंच पोचतो.

तिसरं कारण दाराचं, आणि हे सगळ्यात गंभीर. दूरचा डेस्कटॉप बघायचा तर सर्व्हरला एक जास्तीचं दार उघडावं लागतं. या दारांना क्रमांक असतात. आम्ही उघडलेलं दार ३३८९ क्रमांकाचं. इंटरनेटवर चोर एकेक घर हिंडून अशा क्रमांकांची दारं ठोठावत असतात. माणसं नव्हे, तर त्यांनी सोडलेली मशीनं. आम्ही नोंदी उघडून बघितल्या तर अनोळखी ठिकाणांहून पासवर्डचे असंख्य अंदाज लावलेले. आणि आमचा पासवर्ड काय होता? गटाचं नाव आणि स्थापनेचं साल! नशीब, की कुणाला तो सापडला नाही. आत कोणाचे पत्ते, कोणाचे फोन नंबर, सगळ्या गिऱ्हाइकांची माहिती होती.

हा धोका नुसता आमच्यापुरता नाही. मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या दूरच्या डेस्कटॉपच्या सोयीत एक भगदाड सापडलं होतं. त्याला ब्लूकीप असं नाव पडलं. त्यातून पासवर्डशिवायही मशीनमध्ये शिरता येत होतं. ते इतकं गंभीर होतं, की कंपनीनं ज्या विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ मध्येच थांबवली होती, तिच्यासाठीही दुरुस्ती काढून दिली. आमचा सर्व्हर विंडोजचा नाही, पण धडा तोच. जेवढी दारं जास्त, तेवढे कडी-कोयंडे जास्त तपासावे लागतात.

आता कोणी म्हणेल, काळ्या पडद्यालाही दार लागतंच की. लागतं. त्याचा क्रमांक २२, आणि त्या वाटेचं नाव एसएसएच. तिचा जन्म १९९५ चा, फिनलंड देशातल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातला. तिथल्या जाळ्यावर कोणीतरी चोरून कान लावून लोकांचे पासवर्ड ऐकले होते. तोवर दूरच्या मशीनवर जाताना पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. टाटू युलोनेन नावाच्या तिथल्या संशोधकानं मग सगळं बोलणं कुलूपबंद पाठवणारी ही वाट तयार केली आणि लोकांना फुकट वापरायला दिली. आज जगभरचे सर्व्हर बहुतेक याच वाटेनं चालवले जातात. चोर हे दारही ठोठावतातच. पण इथं पासवर्ड पूर्ण बंद करून किल्लीची जोडी वापरता येते. जोडीतली एक बाजू सर्व्हरवर, दुसरी आपल्या लॅपटॉपवर. आपली बाजू कधी कुणाला द्यायची नाही, आणि तिलाही वेगळा परवलीचा शब्द लावायचा. मग गटाचं नाव आणि साल ओळखून कोणी आत येऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून आम्हाला नवल वाटलं. खिडक्यांचं नावच ज्यांनी घेतलं त्या मायक्रोसॉफ्टनंसुद्धा २००८ च्या सर्व्हरपासून डेस्कटॉप नसलेला प्रकार द्यायला सुरुवात केली. उबुंटूच्या सर्व्हरवर तर डेस्कटॉप आपण मुद्दाम टाकल्याशिवाय येतच नाही. म्हणजे काळा पडदा हा गरिबाचा नाइलाज नाही. ज्यांच्याकडं भरपूर आहे तेही सर्व्हरवर नको ते सामान ठेवत नाहीत.

चौथं कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, ते अनुभवातून कळलं. चित्र फोनवर सांगता येत नाही, अक्षर सांगता येतं. डेस्कटॉप असताना भाऊ फोनवर म्हणायचा, "डावीकडं वर एक चाकासारखं चित्र आहे ना, त्यावर टिचकी मारा." आमच्याकडं ते चाक दिसायचंच नाही. आता तो म्हणतो, "लिहा." आम्ही लिहितो आणि काय उत्तर आलं ते वाचून दाखवतो. आजीनं पुरणाचं प्रमाण सांगावं आणि सुनेनं वहीत उतरवावं, तितकं सरळ. शिवाय आपण टाइप केलेल्या ओळी मशीन स्वतःही जपून ठेवतं. काल काय केलं होतं ते आज बघता येतं. टिचक्यांची अशी वही राहत नाही.

तर आम्ही वही केली. शंभर पानी, रेघांची. तिच्यात सातच ओळी पाठ केल्या. पहिली ओळ आत शिरायची, एसएसएचची. दुसरी 'डीएफ', मग जागा सोडून आडवी रेघ आणि 'एच'. ती सांगते, कोठारात किती जागा उरली. तिसरी 'फ्री', पुन्हा तसंच आडवी रेघ आणि 'एच'. ती ओट्याची स्थिती सांगते. 'एच' म्हणजे ह्युमन, माणसाला वाचता येईल असं सांग. चौथी 'अपटाइम', सर्व्हर किती वेळ न थांबता चालू आहे आणि त्याच्यावर किती भार आहे. पाचवी 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' आणि पुढं डेटाबेसचं नाव, म्हणजे वही उघडी आहे की मिटली. सहावी 'लास्ट', कोण कोण आत येऊन गेलं. सातवी भावानं आमच्यासाठी बनवून दिलेली, सगळ्या माहितीची नक्कल काढणारी. बाहेर पडताना 'एक्झिट'. प्रत्येक ओळीसमोर मराठीत लिहिलं आहे, की उत्तर काय यायला हवं आणि वेगळं आलं तर कुणाला फोन करायचा. लेखापाल ताई रोज सकाळी चहाच्या आधी या ओळी टाइप करतात. पाच मिनिटांचं काम.

काळ्या पडद्याचं भय खोटं आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. तिथं पुसलेली फाइल कचऱ्याच्या डब्यात जात नाही, कायमची जाते. "नक्की पुसू का?" असंही बहुतेक वेळा विचारत नाही. म्हणून आमचे तीन नियम आहेत. एक, अर्थ कळल्याशिवाय कुणी पाठवलेली ओळ टाइप करायची नाही, मग ती व्हॉट्सअॅपवर कितीही जाणकारानं पाठवलेली असो. दोन, काही बदलायच्या किंवा पुसायच्या आधी नक्कल काढायची, आणि ती नक्कल सर्व्हरबाहेर दुसरीकडं ठेवायची. तीन, तीन महिन्यांतून एकदा ती नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. न उघडलेली नक्कल म्हणजे न चाखलेलं लोणचं. बरणी भरली होती हे खरं, आत काय आहे ते देव जाणे.

मग डेस्कटॉप अगदीच टाकाऊ का? नाही. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर तो हवाच. चित्रं आपल्या बाजूला ठेवावीत, सर्व्हरच्या बाजूला नकोत, एवढाच आमचा निष्कर्ष. फाइली पाठवायला-आणायला आम्ही विनएससीपी वापरतो. फाइलझिलाही तसंच आहे. दोन्ही फुकट. डावीकडं आपल्या फाइली, उजवीकडं सर्व्हरच्या, माऊसनं ओढून टाकायच्या. सर्व्हरवर डेस्कटॉप नसताना हे चालतं, कारण चित्रं आपला लॅपटॉप काढतो. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएचही आयतंच येतं. शिकायचं असेल तर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि डेस्कटॉप टाकून खुशाल खेळा, तिथं कुणाच्या शेंगा अडकलेल्या नसतात. आणि एखादं सॉफ्टवेअर चित्रांशिवाय चालतच नसेल, तर मशीनचा ओटा मोठा घ्या, डेस्कटॉपची वाट एसएसएचच्या आतून न्या म्हणजे वेगळं दार उघडावं लागत नाही, आणि काम झालं की नुसती खिडकी न मिटता नीट लॉगआउट करा.

शेवटी गटांना एक सांगणं. कोणी तुम्हाला वेबसाइट करून देत असेल, तर डेस्कटॉप की काळा पडदा याच्याही आधी चार गोष्टी विचारा. सर्व्हरचं भाडं कुणाच्या नावानं जातं? खातं कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या मोबाइलवर आहे? ते संघाच्या नावावर हवं, कुणाच्या भाच्याच्या नाही. किल्ल्या किती जणींकडं आहेत? निदान दोघींकडं हव्यात, प्रत्येकीची वेगळी, म्हणजे एकीचा लॅपटॉप हरवला तर तिची तेवढी किल्ली रद्द करता येते. आणि नक्कल कुठं असते?

आम्ही डेस्कटॉप काढून टाकला, त्याचं दार बंद केलं. पुढची दिवाळी त्याच १ जीबीच्या सर्व्हरवर पार पडली. एका रात्री बारा वाजता लेखापाल ताईंचा फोन आला. आमच्या पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, "काही नाही हो, ओटा बघितला. मोकळा आहे. तेवढंच सांगायला केला." ज्या मावशींनी आम्हाला शेंगांचा हिशेब विचारला होता, त्यांची सून आता वहीतली ओळ न् ओळ शिकते आहे. दुसरी किल्ली तिच्याकडं द्यायची, असं संघानं ठरवलं आहे.

तुमच्या गटातही अशी वही सुरू करा. सात नको, पहिल्या आठवड्यात दोनच ओळी शिका. अडलं तर आपल्या केंद्राच्या फोनवर निरोप ठेवा, आम्ही पुढच्या वेळी त्याचं उत्तर घेऊन येऊ. तोवर भाकरी करपू देऊ नका.